मी, तू आणि आपण : फ्रेंच सर्वनामांची ओळख



फ्रेंच भाषेचे नाव काढले की पुष्कळांना वाटते, ही शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांची हौस. आपल्या सोलापूर-बार्शी-करमाळ्याकडच्या माणसाला तिचे काय? पण आपल्या मराठीचा शास्त्रशुद्ध इतिहास ज्यांनी तपशीलवार लिहिला, त्यांत झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचे नाव अगोदर घ्यावे लागते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी मराठीच्या घडणीवर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला, आणि वा. गो. परांजपे यांनी १९४१ साली तो मराठीत आणला. त्यांनी आपले सगळे घर फिरून पाहिले. तेव्हा त्यांच्या घराच्या एका कोपऱ्यात आपण डोकावायला हरकत नाही.

हा कोपरा म्हणजे पुरुषवाचक सर्वनामे. मी, तू, तो, ती, ते, आम्ही, आपण, तुम्ही. दिवसातून हजार वेळा तोंडात येणारे हे शब्द. इतके लहान की त्यांच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. पण बांधावर, कचेरीत, एस.टी.च्या रांगेत भांडण पेटते तेव्हा कानावर काय येते? ‘मला अरे-तुरे करतोस?’ म्हणजे मूळ तंटा राहिला बाजूला, सर्वनामाचाच तंटा झाला!

आता फ्रेंचमधले शब्द पाहू. मी म्हणजे ‘झ’. हा झाडातला झ नव्हे; ‘श’ म्हणता म्हणता गळ्यात घुमारा आणला की जो आवाज निघतो तो. तू म्हणजे ‘त्यु’. याचा उच्चार साधायला एक युक्ती आहे. ‘उ’ म्हणताना करतो तसे ओठ गोल करायचे, ते तसेच ठेवायचे, आणि आतून ‘ई’ म्हणायचे. शिक्षकांनी वर्गात करून पाहावे. मुले पोट धरून हसतात, पण उच्चार येतो. तो म्हणजे ‘इल’ आणि ती म्हणजे ‘एल’. आम्ही म्हणजे ‘नू’, तुम्ही म्हणजे ‘वू’. ते आणि त्या यांचे उच्चार पुन्हा ‘इल’ आणि ‘एल’ असेच. लिहिताना शेवटी एक अक्षर वाढते, बोलताना ते बहुधा मुकेच राहते. याशिवाय ‘ऑं’ म्हणून एक मजेदार सर्वनाम आहे, त्याच्याकडे पुढे येऊ.

मराठी माणसाला पहिली अडचण येते ती अशी. आपण घरातून निघताना उंबऱ्यावरून म्हणतो, ‘येतो.’ बाईमाणूस म्हणते, ‘येते.’ कोण येतो, असे कुणी विचारत नाही. ‘जेवलास का?’ म्हटले की ‘तू’ हा शब्द न उच्चारताच तू कळतो, आणि समोर मुलगा आहे हेही कळते, कारण मुलगी असती तर ‘जेवलीस का?’ म्हटले असते. आपले क्रियापद बोलके आहे, म्हणून सर्वनाम गाळले तरी चालते. फ्रेंचमध्ये ते चालत नाही. तिथे मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, ती बोलते, ते बोलतात या सगळ्यांना कानाला एकच रूप ऐकू येते : ‘पार्ल’. झ पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल, एल पार्ल. फक्त नू आणि वू यांच्यापुढे रूप बदलते : नू पार्लों, वू पार्ले. फ्रेंचची आई म्हणजे लॅटिन भाषा. तिच्यात दर रूपाला वेगळा प्रत्यय होता, त्यामुळे सर्वनाम न म्हटले तरी भागे. शतकानुशतकांच्या वापरात ते प्रत्यय जात्याच्या पाळीसारखे झिजले. झिजलेल्या प्रत्ययांचे ओझे मग सर्वनामांवर आले. म्हणून फ्रेंच माणूस प्रत्येक वाक्यात ‘झ’, ‘त्यु’ म्हणत राहतो. आपल्याला ते ऐकून वाटते, हा किती ‘मी मी’ करतो! तो अहंकार नाही, व्याकरणाची गरज आहे.

ही गरज इतकी पुढे गेली की पावसालासुद्धा सर्वनाम लागते. आपण म्हणतो, पाऊस पडतो. पडणारा कोण, तर पाऊस. फ्रेंचमध्ये म्हणतात, ‘इल प्लो’. शब्दाला शब्द लावला तर ‘तो पावसतो’ असे काहीतरी होईल. तो म्हणजे कोण? कुणीच नाही. देव नाही, ढग नाही. वाक्याचे दार उघडायला कुणीतरी उभे करायचे म्हणून ‘इल’ उभा केला आहे. आमच्या जिल्ह्यात पावसाची वाट पाहणाऱ्या माणसाला हा निनावी ‘तो’ ओळखीचा वाटावा.

लिंगाच्या बाबतीत मात्र आपणच जास्त श्रीमंत. आपल्याकडे तो दगड, ती भिंत, ते झाड. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही; जगातली प्रत्येक वस्तू इल किंवा एल. पुस्तक पुल्लिंगी, टेबल स्त्रीलिंगी. का, असे विचारू नये. आपला दगड पुल्लिंगी आणि भिंत स्त्रीलिंगी का, याचेही उत्तर आपल्याजवळ नाही. आता एक बारकावा पाहा. शंभर बायका असल्या आणि त्यांत एकच पुरुष असला तरी फ्रेंच व्याकरण त्या सगळ्यांना पुल्लिंगी ‘इल’ म्हणते. फ्रान्समध्ये अलीकडे यावर बराच वाद चालतो. मराठी इथे निराळी वाट काढते. नवरा-बायको यात्रेहून आली की आपण ‘दोघं आली’ म्हणतो. ‘आले’ नाही, ‘आल्या’ नाही, नपुंसकलिंगी अनेकवचन. कुणाच्याच पारड्यात वजन न टाकता काम भागले. व्याकरण शिकवताना हे उदाहरण मुलांना जरूर द्यावे.

उलट ‘मी’च्या बाबतीत फ्रेंच झाकून ठेवते आणि मराठी उघड करते. ‘झ पार्ल’ यावरून बोलणारा पुरुष की स्त्री ते कळत नाही. ‘मी बोलतो’, ‘मी बोलते’ यात लगेच कळते. मालकी सांगताना तर मराठीची कमाल आहे. ‘त्याची विहीर’ आणि ‘तिचा मळा’ : यात मालक कोण तेही दिसते आणि वस्तूचे लिंगही दिसते. इंग्रजीत मालक दिसतो, वस्तूचे लिंग दिसत नाही. फ्रेंचमध्ये वस्तूचे लिंग दिसते, मालक दिसत नाही. ‘त्याची विहीर’ आणि ‘तिची विहीर’ दोन्हीला एकच शब्द. सातबाराचा उतारा फ्रेंचमध्ये लिहायचा झाला तर तलाठ्याला फार जपून लिहावे लागेल!

एका ठिकाणी मात्र मराठी मुलाला घरी आल्यासारखे वाटते. ‘मी तुला देतो’ या वाक्यात आपण मी, तुला, देतो अशा क्रमाने बोलतो. फ्रेंचमध्येही नेमका हाच क्रम : ‘झ त दॉन’. झ म्हणजे मी, त म्हणजे तुला, दॉन म्हणजे देतो. इंग्रजी शिकताना ‘देतो’ आधी आणि ‘तुला’ नंतर अशी जी उलटापालट करावी लागते, ती इथे नाही. मात्र ‘तुला’च्या जागी ‘रामाला’ आले की राम बिचारा क्रियापदाच्या मागे जातो. सर्वनामाला पुढचा पाट, नामाला मागचा.

आता ‘आम्ही’ आणि ‘आपण’. शेजारणीने दारात येऊन सांगितले, ‘उद्या आम्ही पंढरपूरला जाणार,’ तर ऐकणारी समजते की हे आमंत्रण नाही. ‘उद्या आपण पंढरपूरला जाऊ,’ म्हटले की ती भाकरीचे पीठ काढायला लागते. ऐकणाऱ्याला धरून आम्ही म्हणजे ‘आपण’, त्याला वगळून ‘आम्ही’. गावच्या सभेत पुढारी ‘आम्ही विहीर खणली’ म्हणाला की ज्यांनी टोपल्या वाहिल्या ते एकमेकांकडे बघतात. ‘आपण विहीर खणली’ म्हणाला तर टाळी पडते. फ्रेंचमध्ये दोन्हीला ‘नू’च. फरक दाखवायचाच झाला तर ‘नू झोत्र’ असे ओढून म्हणतात, म्हणजे ‘आम्ही मंडळी’, तुमच्यापासून निराळी.

हा भेद संस्कृतात नाही. मग मराठीत आला कुठून? शब्द दोन्ही आपल्या घरचे आहेत. ‘आपण’ हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृतातून आला. पण त्याला ‘तू धरून आम्ही’ असे काम दिले गेले, त्यामागे दक्षिणेकडच्या भाषांचा शेजार असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. सोलापूरकराला हे पटायला पोथी उघडावी लागत नाही. शहराच्या पूर्व भागात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या विणकरांच्या घरांत तेलुगू बोलली जाते, तिथे ‘मनमु’ म्हणजे आपण आणि ‘मेमु’ म्हणजे आम्ही. तोच भेद, तंतोतंत. उर्दू-दखनी बोलणारे शेजारी ‘अपन’ म्हणून तेच साधतात. आजच्या कन्नडमध्ये मात्र दोन्हींना एकच ‘नावु’. म्हणजे अक्कलकोटचा कन्नड घरातला मुलगा या एका बाबतीत पॅरिसच्या मुलाच्या पंगतीला बसतो, आणि तेलुगू व मराठी मुले दुसऱ्या पंगतीला. एका वर्गात या तिन्ही घरांतली मुले असतील तर शिक्षकाला उदाहरणे शोधायला बाहेर जायला नको, त्यांनाच विचारावे.

‘आपण’ची दुसरी गंमत रेडिओवर रोज ऐकू येते. निवेदक म्हणतो, ‘आपण बातम्या ऐकत आहात.’ इथे आपण म्हणजे तुम्ही, आदराने. पाठोपाठ म्हणतो, ‘आता आपण भजन ऐकू या.’ इथे आपण म्हणजे तुम्ही आणि मी मिळून. एकच शब्द, एका मिनिटात दोन कामे, आणि कुणाचाही घोटाळा होत नाही. क्रियापद सांभाळून घेते.

फ्रेंचमध्ये असे दुहेरी-तिहेरी काम करतो तो मघाशी बाजूला ठेवलेला ‘ऑं’. बोलताना फ्रेंच लोक ‘नू’ऐवजी बहुतेक वेळा ‘ऑं’च वापरतात. ‘ऑं पार्ल’ म्हणजे आपण बोलतो, लोक बोलतात, कुणीतरी बोलते. प्रसंग पाहून अर्थ घ्यायचा. हा शब्द लॅटिनमधल्या ‘होमो’ म्हणजे माणूस या शब्दापासून झिजून झाला. आता आपली आजी चुलीपुढे बसून म्हणते, ‘माणसानं किती सोसायचं?’ तिला माणूस म्हणजे कोण अभिप्रेत असतो? मी, तू, सगळे. फ्रेंचांनी या ‘माणसा’ला थेट सर्वनामाच्या रांगेत नेऊन बसवले, एवढाच फरक.

आता मुख्य गोष्ट : ‘त्यु’ आणि ‘वू’, म्हणजे तू आणि तुम्ही. इंग्रजीत हा भेद व्यवहारातून गेला. फ्रेंचमध्ये तो आपल्यासारखाच जिवंत आहे. आपल्यासारखेच त्यांनीही अनेकवचन उसने घेऊन आदर दाखवला. वू अनेकांना, आणि मानाच्या एकालाही. आपल्याकडे ‘अरे-तुरे करणे’ आणि ‘अहो-जाहो करणे’ अशी क्रियापदे आहेत. इंग्रजीत यांना एका शब्दाचा सरळ पर्याय सापडत नाही. फ्रेंचमध्ये तो आहे : ‘त्युत्वाये’ म्हणजे अरे-तुरे करणे, ‘वूव्वाये’ म्हणजे अहो-जाहो करणे. दोन माणसांची ओळख वाढली की त्यांतला वयाने किंवा मानाने मोठा असेल तो विचारतो, ‘आता आपण एकमेकांना त्यु म्हणू या का?’ आणि तेव्हापासून दोघेही त्यु म्हणतात. दोघेही, हे ध्यानात ठेवा.

फ्रान्समधल्या आजच्या घरांत आईबाप, मुले, नवरा-बायको बहुधा सगळेच एकमेकांना त्यु म्हणतात. पूर्वी सरदार-सावकारांच्या घरांत मुले आईबापांना वू म्हणत, क्वचित अजूनही म्हणतात. दुकानदार, डॉक्टर, पोलीस, अनोळखी मोठा माणूस, यांना वू. आणि तेही तुम्हाला वूच म्हणणार. मात्र ‘ते आले’, ‘साहेब आले’ असा तिसऱ्या माणसाचा आदर फ्रेंचमध्ये नाही. देशाचा अध्यक्ष असला तरी पाठीमागे ‘इल’, तो. ‘हे घरी नाहीत’ म्हणून नवऱ्याचे नाव टाळणाऱ्या आपल्या बायकांचा तो एका अक्षरी ‘हे’, त्याचे फ्रेंच कसे करावे, याचे उत्तर मला कुठल्याही व्याकरणात सापडलेले नाही.

आपल्याकडे आईला तू, देवाला तू, आणि बैलालाही तू. सोलापुरात जिवलग दोस्ताला ‘काय बे’ म्हटले नाही तर तो रुसतो. म्हणजे ‘तू’ हा शब्द स्वभावाने हलका नाही. वारकऱ्यांनी विठ्ठलाला कधी ‘तुम्ही’ म्हटले असते का? गी दलरी या फ्रेंच अभ्यासकाने तुकारामांचे निवडक अभंग फ्रेंचमध्ये नेले. ते १९५६ साली पॅरिसला प्रसिद्ध झाले, आणि १९६० साली विठ्ठल संप्रदायावरचा त्यांचा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. ज्या काळात ते हे काम करत होते, त्या काळात फ्रान्समधल्या कॅथलिक घरांत रोजची मुख्य प्रार्थना देवाला ‘वू’ म्हणून केली जात होती. १९६६ साली ती बदलली आणि देवाला ‘त्यु’ म्हणू लागले. तिथल्या प्रॉटेस्टंट पंथात ‘त्यु’ आधीपासून होते. आमच्या चंद्रभागेच्या वाळवंटात ही अरे-तुरेची परवानगी शेकडो वर्षांपूर्वीच घेतली गेली होती.

पण हाच शब्द दुसऱ्या बाजूने कसा लागतो तेही पाहिले पाहिजे. आफ्रिकेतल्या काँगोवर बेल्जमचे राज्य होते आणि कारभाराची भाषा प्रामुख्याने फ्रेंच होती. ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला. त्या दिवशीच्या समारंभात, बेल्जमचा राजा समोर बसलेला असताना, पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांनी परक्या राज्यातल्या अपमानांचा पाढा वाचला. मारहाण, जमिनी बळकावणे, अपुरी मजुरी, आणि त्यांच्या जोडीला एक सर्वनाम! काळ्या माणसाला ‘त्यु’ म्हणत, ते मित्र म्हणून नव्हे, तर मानाचे ‘वू’ फक्त गोऱ्यांसाठी राखून ठेवले होते म्हणून, असे त्यांनी सांगितले. योगायोग असा की त्याच १९६० साली रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी युरोपातल्या अशा सर्वनामांवर एक निबंध लिहिला, तो पुढे फार गाजला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : दोघे एकमेकांना तू म्हणत असतील तर ती जवळीक, एक तू म्हणतो आणि दुसऱ्याला तुम्ही म्हणावे लागते, तर ती सत्ता.

हे वाचायला आपल्याला बाहेर जावे लागत नाही. पन्नाशीच्या सालगड्याला मालकाचा दहा वर्षांचा पोरगा ‘ए, इकडे ये’ म्हणतो आणि गडी ‘आलो, धाकलं मालक’ म्हणतो. ही एकतर्फी ‘तू’. मंगळवेढ्याचा चोखामेळा घ्या. विठ्ठलाला तो ‘तू’ म्हणाला, तो जवळिकीचा. गावाने त्याला म्हटलेला ‘तू’ कसा असेल, हे त्याच्या जातीला देवळाची पायरी चढायची बंदी होती यावरूनच कळते. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. चोखोबाची समाधी मात्र कितीतरी शतके त्या महाद्वारासमोर बाहेरच उभी होती.

फ्रेंच राज्यक्रांतीत लोकांनी यावर एक उपाय करून पाहिला. १७९३ साली राष्ट्रसभेपुढे मागणी आली की यापुढे सर्वांनी सर्वांना ‘त्यु’ म्हणावे, वू म्हणजे सरंजामी अवशेष. काही काळ सरकारी कचेऱ्यांत तशी चालही पडली. पण क्रांतीचा भर ओसरला आणि वू परत आले. माझ्या मते त्यांनी सगळ्यांना खालच्या पायरीवर आणून समान करायचे ठरवले, तिथेच ते फसले. आपल्याकडे वारे उलट वाहिले. ज्याला कालपर्यंत ‘ए’ म्हणत, तो शिकला, नोकरीला लागला, की त्याला ‘अहो’ म्हणणे भाग पडले. वरच्या पायरीवर जागा करून घेण्याची ही रीत सावकाशीची आहे, पण ती मला जास्त टिकाऊ वाटते.

शिक्षकांनी वर्गात एक गोष्ट करून पाहावी. फळ्यावर दोन फ्रेंच प्रश्न देवनागरीत लिहावेत : ‘कॉमाँ वा त्यु?’ म्हणजे तू कसा आहेस, आणि ‘कॉमाँ ताले वू?’ म्हणजे तुम्ही कसे आहात. मग मुलांना एकेक नाव सांगावे : आई, वडील, आत्या, शाळेचा शिपाई, बँकेतला साहेब, शेतावरची कामकरीण, भाजीवाली मावशी. प्रत्येकाला कोणता प्रश्न विचाराल, ते मुलांनी लिहावे. नंतर त्याच यादीपुढे दुसरा रकाना आखावा : ती व्यक्ती तुम्हाला उलट काय म्हणेल? दोन रकाने जिथे जुळत नाहीत तिथे थांबावे, आणि मुलांना कारण विचारावे. शिपाईमामांचे नाव आले की वर्गात बहुधा गलका होतो; तो होऊ द्यावा, कारण शिपाईमामा बाहेर व्हरांड्यात ऐकत असतात.